आधी संशय रबरावर

"पायजमा नाडीचा घालतोस की इलास्टिकचा?"

हैदराबादला काचीगुड्यात खोली शोधत फिरताना घरमालकांनी मला बरेच प्रश्न विचारले होते. गाव कुठलं, जात कुठली, मटण खातोस का, मित्र येणार का. पण पायजम्याच्या नेफ्यात काय आहे हे विचारणारे माणिकराव बिरादार पहिलेच. मी बोधनकडच्या खेड्यातून आलेला, आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला माणूस. मला वाटलं, शहरातल्या जाणत्या लोकांत माणसाची पारख अशीच करत असतील. म्हणून मी खरं तेच सांगितलं.

"नाडीचा. आई शिवते."

"शाबास. खोली तुझी," काका म्हणाले. मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "ह्या स्लिपरा मात्र फाटकाबाहेर ठेवायच्या. रबर आहे."

त्या दिवसापासून मी रबर नसलेल्या घरात राहतो. असं घर तुम्ही पाहिलं नसेल, म्हणून थोडं सांगतो. काकांकडे पेपर सुतळीने बांधून येतो. पेपर टाकणाऱ्याला सुतळीचा गुंडा काकांनीच दिलाय. कढीपत्त्याच्या जुडीला रबरबँड असला तर तो फाटकापाशी एका चिमट्याने काढला जातो. हा चिमटा त्या कामासाठीच असतो, फाटकाच्या खिळ्याला लटकलेला. कुकरची रिंग सिलिकॉनची आहे आणि तिच्यासाठी त्यांनी अर्धं शहर पालथं घातलंय असं काकू सांगतात. खोडरबर घरात नाही. शब्दकोडं चुकलं तर काका ते चुकलेलंच ठेवतात. गल्लीत कुणाच्या मुलाचा वाढदिवस असला की काका आदल्या दिवशी रंगीत कागदाच्या पताका घेऊन हजर. "फुगे कशाला? पताका लावा, उद्या परत वापरता येतात." शेजारची तेलुगू मुलं त्यांना 'रबर अंकुल' म्हणतात आणि फुगा हातात असला की पलीकडच्या फुटपाथवरून जातात.

यातली गंमत अशी की हा माणूस नोकरीभर रबरच वाटत होता. काका वीज खात्याच्या स्टोअरमध्ये होते. खांबावर चढणाऱ्या लाइनमनना रबरी हातमोजे, रबरी बूट, पॅनेलसमोर टाकायच्या रबरी चटया, हे सगळं त्यांच्या हातून जायचं. मी एकदा भीतभीत विचारलं, "काका, मग रबराशी वैर कधी झालं?"

"वैर नाही रे. ओळख उशिरा झाली," म्हणाले, आणि शब्दकोड्यात डोकं घातलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. 'आधी संशय रबरावर, मग माणसावर.' हे स्टोअरमधलं. कुणा लाइनमनला शॉक बसला की वरचे साहेब लगेच म्हणायचे, प्यालेला असेल, बेफिकीर असेल. काका म्हणायचे, साहेब, आधी हातमोजा तपासा. हातमोज्यात हवा भरून बादलीत बुडवायचा, बुडबुडे आले की समजायचं भोक आहे. पुष्कळदा बुडबुडे यायचे. आता ते हे वाक्य कुठेही लावतात. मी पहिल्या सेमिस्टरला दोन विषयांत नापास झालो तेव्हाही त्यांनी तेच म्हटलं. त्यात रबर कुठे होतं मला कळलं नाही, पण बरं वाटलं.

माझी खोली म्हणजे त्यांच्या घरातली मागची खोली. लोखंडी पलंग, एक टेबल, गच्च बसलेली एक खिडकी. ती माझ्याने कधी उघडली नाही. भिंतीवर वीज खात्याचं जुनं कॅलेंडर, उशाशी खिळ्याला टॉर्च. गादीत एका बाजूला खोलगट जागा, कुणीतरी वर्षानुवर्षं एकाच कुशीवर झोपल्यासारखी. मी काकूंना विचारलं होतं, "इथे आधी कोण राहायचं?"

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "होता एक. लय गप्प माणूस. भाडं पण देत नव्हता."

मला वाटलं, कुणीतरी भाडं बुडवून पळाला असेल. मी पुढच्या महिन्याचं भाडं दोन दिवस आधीच दिलं.

काका-काकू मात्र गप्प नाहीत. पलीकडे त्यांची खोली आणि मध्ये पातळ भिंत. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की दोघं सुरू होतात. तेही जुनंच. मुलगी पहिलीत असताना तिच्या रिक्षावाल्याचं नाव काय होतं. नांदेडच्या लग्नात काकूंची बांगडी हरवली ती कुणाला सापडली. आता मुलगी पुण्यात नोकरी करते, तिलाच मूल आहे. मला कळायचं नाही. जे दोघांनीही पाहिलंय ते एकमेकांना परत काय सांगायचं? मी अकाउंट्सचं पुस्तक उघडून बसायचो आणि कधीकधी भिंतीवर टकटक करायचो. "सरे, सरे, हल्लू बोलतो," म्हणजे बरं, हळू बोलतो, असं काकू ओरडून सांगायच्या.

एका रविवारी दुपारी व्यंकटदादा आला. दादा माझा सख्खा मोठा भाऊ. अफझलगंजला पाइप आणि नळाच्या दुकानात कामाला आहे, नामपल्लीला खोली करून राहतो. पाच-सहा महिन्यांपूर्वी त्याचं लग्न झालं. काकांनी त्याला फाटकात थांबवून हात धुवायला लावले, कारण त्याच्या हाताला वॉशरचा वास येत होता. दादाने न कुरकुरता धुतले. तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिघडलंय. एरवी दादा कुणाचं असं ऐकून घेत नाही.

मिठाईचा डबा टेबलावर ठेवून तो पलंगावर बसला. त्याच खोलगट जागेत.

"पूजाचे वडील येत्या रविवारी तिला न्यायला येतायत," म्हणाला.

"सणाला?"

"सणाला नाही. अशीच. गेली की परत यायची नाही बघ."

"भांडलात?"

"भांडली असती तर बरं झालं असतं." तो पंख्याकडे बघत होता. "बाल्या, तुला म्हणून सांगतो. जवळ गेलो की तिला त्रास होतो. आग होते, खाज सुटते, सुजतं. दुसऱ्या दिवशी धड बसता येत नाही तिला. मी म्हटलं, नवं नवं आहे, होत असेल. पण दर वेळी तेच."

आमच्या घरात असलं बोलत नाहीत. घरात कुणाला दिवस गेले तर आम्हाला बारशालाच कळतं. मी कोपऱ्यातल्या माठाकडे बघू लागलो.

"डॉक्टरला दाखवलं?"

"तिला लाज वाटते. तिच्या आईने फोनवर सांगितलं, अंगात उष्णता आहे. सब्जा पाजला, धन्याचं पाणी पाजलं. चिंच बंद केली. मावशीने ताईत पाठवला. एक मलम पण आणलं, त्याने अजून चरचरलं." दादाचा आवाज खाली गेला. "आता तिला वाटतंय की मलाच कुठला तरी रोग आहे. लग्नाआधी कुठे कुठे गेलो असेन म्हणून."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, मी तिला आवडलेलोच नाही. आग बीग सगळं निमित्त." तो माझ्याकडे वळला. "तू शिकलेला आहेस. काहीतरी सांग."

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या पुस्तकात यंत्राचा घसारा आहे, माणसाच्या अंगाची आग कुठेच नाही. पण दादाला वाटतं, कॉलेजात सगळंच शिकवतात. त्याने पहिल्या पगारातून माझी फी भरली होती. त्याने पहिल्यांदाच मला काही विचारलं होतं आणि मला काही येत नव्हतं.

तेवढ्यात दारात काका उभे. हातात चिमटा.

"बालाजी, त्या मिठाईच्या डब्याला रबरबँड आहे. मला गंध आला." मग ते तिथेच घुटमळले. "दार उघडं होतं. मी ऐकलं. माफ कर, व्यंकट."

दादाचा चेहरा ग्रामपंचायतीत सगळ्यांसमोर पायजमा सुटल्यासारखा झाला.

काका आत आले, टेबलाला टेकून उभे राहिले आणि मीटरचं रीडिंग विचारावं तसं विचारलं, "तुम्ही कंडोम वापरता?"

मी परत माठाकडे वळलो. दादा म्हणाला, "हौ. तिची डिग्रीची परीक्षा राहिलीय. पोरं इतक्यात नको असं दोघांनी मिळून ठरवलं होतं."

"चांगलं केलं. रबराचे?"

"काका, मग काय लोखंडाचे असतात?"

"तेच म्हणतो. कधी न वापरता झालं का?"

दादाने डोकं खाजवलं. "एकदा. पाकीट संपलं होतं."

"तेव्हा आग झाली?"

"नाही झाली. पण त्या दिवशी तिने सब्जा प्यायला होता."

काकांनी चिमटा टेबलावर ठेवला. मी त्यांना इतकं गंभीर झालेलं कधी पाहिलं नव्हतं. "पोरा, सहा महिने तू तिच्यावर संशय घेतलास, तिने तुझ्यावर घेतला. सब्जाला तर फुकटचं श्रेय मिळालं. आधी संशय रबरावर, मग माणसावर."

"रबराने असं होतं?"

"काही लोकांना रबर सोसत नाही. ॲलर्जी. मी डॉक्टर नाही, स्टोअरकीपर आहे. दुसरंही काही असेल. त्याला तेलकट काहीतरी लावलेलं असतं, त्याचा त्रास असेल, जंतू झाले असतील. ते डॉक्टरने बघायचं. पण तोवर ते पाकीट बंद. आणि मंगळवारी दोघं जेवायला या. केळवण."

"काका, लग्न झालं की आमचं."

"मग काय झालं? उशिरा केलं म्हणून पोट भरत नाही का?" म्हणत काकांनी डब्याचा रबरबँड चिमट्यात धरला आणि उंदीर धरावा तसा लांब धरून बाहेर गेले.

मंगळवारी दादा आणि पूजावहिनी आले. वहिनी दादापासून हातभर लांब चालत होती. दादाच्या हातात डझनभर केळी होती आणि काका फाटकातच आडवे आले.

"केळी आत नाही. गाईला घालू."

दादा माझ्याकडे बघू लागला. मला माहीत होतं, ह्या घरात केळंही येत नाही. सत्यनारायणाच्या प्रसादातसुद्धा काका आधी वाकून बघतात. पण का, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, रबरासारखंच हेही एक खूळ.

काकू ओट्यावरून म्हणाल्या, "राग मानू नको रे बाबा. मला केळं सोसत नाही. घसा खवखवतो, ओठ जाड होतात."

"मला पण होतं तसं," वहिनी म्हणाली. "मी ह्यांना म्हटलं होतं सफरचंद घ्या म्हणून."

काका आणि काकूंनी एकमेकांकडे पाहिलं. कॉपी करताना दोन मुलांचं उत्तर जुळावं तसं.

काकू वहिनीला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही तिघं पुरुष बाहेर बसलो. बायकांचं बोलणं ऐकू नये म्हणून काकांनी टीव्ही लावला. तेलुगू बातम्या, आवाज पूर्ण मोठा. बातम्या देणारी बाई श्वास घ्यायला थांबली की आतलं एखादं वाक्य बाहेर यायचं. आधी काकूंचं, "लाजू नको, मी पण बाईच आहे." मग बराच वेळ वहिनीचा बारीक आवाज. मग काकूंचा, "आणि फुगे?" मग बातम्यांत पाणीकपात, रस्ताकाम. मग आत एकदम शांत. मग काकू बराच वेळ एकट्याच काही सांगत होत्या, ते मात्र ऐकू आलं नाही.

आणि मग वहिनी हसली. मोठ्याने, पदर तोंडाला न लावता. दादा गुडघ्यावर हात ठेवून ताठ बसला होता. त्याचे कान लाल झाले. त्याने हळूच विचारलं, "बाल्या, तीच हसली ना?"

"तीच."

तो परत बातम्या बघू लागला. त्याला तेलुगू येतं, पण त्या वेळी टीव्हीवर काय चाललं होतं ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

जेवायला बसलो. भाकरी, बगारा बैंगन, गोडाला पावाचा डबल का मीठा. वाढता वाढता काकू म्हणाल्या, "व्यंकट, तुझ्या दोस्तांनी पहिल्या रात्री खोलीत काय टांगलं होतं?"

"फुगे. भिंतभर."

"आणि तुम्ही दोघांनी गंमत म्हणून एकेक फुगवला."

"हौ."

"हिचे ओठ सुजले, डोळ्यांतून पाणी. तू काय म्हणालास?"

दादाचा घास हातातच राहिला. "मी म्हटलं, पानातला चुना लागला असेल."

"आणि माझ्या चुलतबहिणी बाहेरून म्हणत होत्या, माहेरच्या आठवणीने रडतेय," वहिनी म्हणाली. तिने पहिल्यांदाच दादाकडे सरळ पाहिलं. "मी रडत नव्हते. डोळ्यांची आग होत होती."

"मला काय माहीत," दादा म्हणाला.

"मला तरी कुठे माहीत होतं."

जाताना वहिनी काकूंच्या पाया पडली. ते ठीक. पण नंतर काकांच्याही पाया पडली आणि त्यांच्याकडे अशी बघत राहिली की काका गडबडले. "काय झालं? इंदू, काय सांगितलंस तिला?"

"काही नाही. टीव्ही बंद करा, शेजारचे उठून येतील," काकू म्हणाल्या.

गुरुवारी काकू वहिनीला नामपल्लीच्या एका डॉक्टरीण बाईंकडे घेऊन गेल्या. त्वचेच्या डॉक्टर. त्यांनी सगळं विचारून घेतलं, तपासलं, रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, जंतू-बिंतू काही नव्हतं. ॲलर्जी रबराचीच निघाली, आणि ज्यांना रबर सोसत नाही त्यांच्यातल्या काहींना केळंही सोसत नाही, असं त्या बाईंनी सांगितलं. काकांना रिपोर्टपेक्षा सूचनांत जास्त रस होता. त्यांनी वहिनीकडून त्या पाठ म्हणून घेतल्या. दाताचा डॉक्टर असो, बाळंतपणाचा असो, आधी सांगायचं की रबरी हातमोजे चालत नाहीत. फुगा तोंडाला लावायचा नाही, परीक्षा म्हणूनसुद्धा नाही. आणि कधी अंगावर गांधी उठून श्वास अडकायला लागला, तोंड सुजायला लागलं, तर सब्जा नाही, ताईत नाही, तडक दवाखाना.

"आणि बाकीचं?" दादाने विचारलं.

"बाकीचं रबर नसलेलं मिळतं," काका म्हणाले. "चल."

आता सगळ्यात अवघड प्रसंग सांगतो. शनिवारी संध्याकाळी काका, दादा आणि मी काचीगुडा स्टेशनकडच्या औषधांच्या दुकानात गेलो. मी जाणार नव्हतो. काका म्हणाले, "चल, शिकशील." दुकानात गर्दी. एक आजोबा साखरेच्या गोळ्या घेत होते, एक बाई बाळाची पावडर. दादा रस्त्याकडे तोंड करून उभा, जणू बसची वाट बघतोय. मी व्हिटॅमिनच्या जाहिरातीतलं बारीक अक्षर वाचू लागलो.

"क्या होना चचा?" दुकानदाराने विचारलं.

"कंडोम होना. रबर नक्को," काका म्हणाले. खात्यात फॉर्म मागायचे त्याच आवाजात.

साखरेच्या गोळ्यांचे आजोबा वळले. दुकानदाराने काकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चचा, आपके वास्ते?"

"उमर नक्को पूछो. माल दिखाओ."

"रबर का नहीं तो काहे का होता चचा?"

"वो मैं बताऊं? दुकान तुम्हारी है. डब्बे पे लिखा रहता, लेटेक्स नहीं करके. देखो हल्लू."

दुकानदार स्टुलावर चढला, उतरला, दुसऱ्या फळीवर चढला. पाठीमागे रांग वाढली. बाळाच्या पावडरवाल्या बाई म्हणाल्या, "भैया, मेरा पहले देदो ना." काका त्यांना म्हणाले, "अम्मा, दो मिनट. एक घर का सवाल है." शेवटी कोपऱ्यातून धुळकट डबा निघाला. काकांनी चष्मा वर करून त्यावरचं सगळं वाचलं, मग मोठ्याने हाक मारली, "व्यंकट! ये, बघून घे. हाच."

अख्खं दुकान व्यंकट कोण ते बघायला वळलं. बसची वाट बघणारा एकच माणूस होता.

दादाने डबा खिशात टाकला आणि रस्ता ओलांडून इतक्या वेगाने गेला की मला तो स्टेशनच्या घड्याळाखाली सापडला. घामाने भिजलेला. मला वाटलं रागावला असेल. पण तो हसत होता. "काय माणूस आहे रे तुझा घरमालक," म्हणाला. "बापाने पण केलं नसतं माझ्यासाठी."

रविवारी वहिनीचे वडील आले. धोतर, पांढरी टोपी, मुलीला न्यायला रिकामी पिशवी. दादाने त्यांना काकांकडेच आणलं होतं, एकट्याने तोंड द्यायची त्याची हिंमत नव्हती. वहिनीने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मी आत्ता येत नाही. दिवाळीला येते, दोघं येतो."

"अगं, पण फोनवर रडत होतीस."

दादा टोपीकडे बघत होता, मी या वेळी तांब्याकडे. मग काका म्हणाले, "काही नाही हो पाव्हणं. घरात फॉल्ट होता. सापडला."

"वायरिंगचा?"

"तसाच."

"वायरमन बरा मिळाला म्हणायचं."

"यांना वेळेवर मिळाला," काका म्हणाले. "आमच्याकडे फार उशिरा आला होता."

काकू आत होत्या. फोडणीचा आवाज आला, मग उलथणं जरा जोरात आपटल्यासारखं वाटलं.

पाव्हणे जेवून गेले. दादा-वहिनी त्यांना गाडीवर सोडायला गेले. मी खोलीत येऊन पुस्तक उघडलं. उकाडा होता. मी खिडकीशी नेहमीप्रमाणे झटापट करत होतो. काका दारात आले, दादाने आणलेल्या कुठल्याशा पुडक्याला रबरबँड होता म्हणून. चिमटा हातात. बोलता बोलता ते खिडकीपाशी गेले आणि न बघता कोपराने चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर एक ठोसा दिला. खिडकी उघडली. वारा आला.

मी बघतच राहिलो. "काका, मी आल्यापासून ही उघडत नाही. तुम्हाला कसं जमलं?"

"इथेच झोपायचो मी."

मी पलंगाकडे पाहिलं. त्या खोलगट जागेकडे. उशाच्या टॉर्चकडे, वीज खात्याच्या कॅलेंडरकडे. लय गप्प माणूस. भाडं पण देत नव्हता.

काका खिडकीबाहेर बघत बोलत होते, त्यामुळे मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. "मुलगी झाली. दुसरं नको म्हणून आम्ही ती पाकिटं वापरायला लागलो. हिला त्रास सुरू झाला. हिला वाटलं, बाळंतपणात आपलं काहीतरी बिघडलं, आता आपण नवऱ्याच्या उपयोगाच्या नाही. मला वाटलं, मी हिला नकोसा झालो. दोघंही शहाणे. कुणी विचारलं नाही. मी म्हटलं, मला सकाळची ड्यूटी असते, मी मागे झोपतो. ती म्हणाली, बरं." त्यांनी खिडकीची चौकट चाचपली. "पोरगी मोठी झाली, शिकली, लग्न होऊन गेली. मी मागेच."

"मग?"

"मी रिटायर झाल्यावर हिचा दात दुखला. डॉक्टरने हातमोजे घालून तोंडात बोट घातलं आणि ओठ हे एवढे सुजले. त्याने विचारलं, रबराशी आणखी कुठे संबंध येतो का? तोंडात कापूस असताना ही आधी हसायला लागली, मग रडायला लागली. तो बिचारा घाबरला, चुकीचा दात उपटला की काय म्हणून." काका हसले. "घरी येऊन पायरीवरच बसली. पर्स मांडीवर. तिथेच सांगितलं मला."

मी म्हटलं, "म्हणून तुम्ही घरातलं सगळं रबर…"

"डॉक्टरने एवढं सांगितलं नव्हतं. हातमोजे, फुगे, तेवढंच. नाडीचं तर कुणीच म्हणालं नव्हतं. पण मला ते घरात बघवत नाही." त्यांनी पुडक्याचा रबरबँड चिमट्यात धरला. "स्टोअरमध्ये रोज ते वाक्य बोलायचो. माणसांच्या नोकऱ्या वाचवल्या त्या वाक्याने. घरी मात्र संशय सगळा माणसावर."

दारातून जाताना ते म्हणाले, "खिडकीला खाली डावीकडे मारायचं. वर नाही."

संध्याकाळी दिवाबत्ती झाली आणि भिंतीपलीकडे सुरू झालं. आज विषय होता मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा. काकू म्हणत होत्या, त्या दिवशी तुम्ही जिलेबी आणली होती. काका म्हणत होते, खारी बुंदी. काकू म्हणाल्या, मी फुगे फुगवले आणि ओठ सुजले, तेव्हा तुमची आई म्हणाली, नजर लागली. काका म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही." काकू म्हणाल्या, "तुम्ही विचारलं कुठे? आता विचारा." आणि काकांनी विचारलं. अगदी नीट, काय झालं, कधी झालं, किती वेळ दुखलं, मग तू काय केलंस. काकू सांगत गेल्या.

माझे दोन विषय राहिलेत. आमच्या कॉलेजात त्याला बॅकलॉग म्हणतात. पुढच्या वर्गात बसायचं आणि मागचे पेपरही सोडवत राहायचे. भिंतीपलीकडेही तेच चाललं होतं, फक्त त्यांचे पेपर खूप वर्षांचे राहिले होते.

उद्या माझी परीक्षा होती. टकटक करायला हात वर गेला होता, तो मी खाली घेतला. उघड्या खिडकीतून वारा येत होता. मी पलंगावर त्या खोलगट जागेत बसलो आणि अकाउंट्सचं पुस्तक मनातल्या मनात वाचू लागलो.